अक्षरे सोबत नेण्याचा नियम

प्रिय शंकासूर,

समितीतले हे टोपणनाव मीच तुला चिकटवले होते, म्हणून त्याच नावाने हाक मारतो. तुझ्या काकूची, म्हणजे माझ्या बायकोची, शस्त्रक्रिया परवा पार पडली. काल सकाळी तिने डोळे उघडले आणि मी दाढी केली नाही म्हणून मला झापले. तेव्हा प्रकृती ठीक आहे, असे मानायला हरकत नाही.

दीर्घकाळ जपायच्या कागदपत्रांसाठी आपली समिती फाइलचे प्रमाण स्वरूप ठरवत होती, त्याला एकोणीस वर्षे झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीला एकच खिडकी, तीही न उघडणारी. प्रत्येक फाइलने आपले फाँट, म्हणजे अक्षरांचे आकार, स्वतःच्या पोटात बाळगावेत, असा तुझा आग्रह. ते संगणकात असतातच, मग फाइल विनाकारण फुगवायची कशाला, असा माझा युक्तिवाद. प्रत्येक पाहुणा स्वतःची खुर्ची घेऊन येतो का, असे मी विचारले आणि सगळे हसले. यजमानाने घर बदलले असेल तर पाहुणा उभाच राहील ना सर, असे तू म्हणालीस. त्यावर कोणी हसले नाही. मला राग मात्र आला.

दुसऱ्या दिवशी तू माझाच जुना शोधनिबंध नव्या संगणकावर उघडलास. मूळ फाँट तिथे नव्हता, म्हणून संगणकाने दुसरा लावला, आणि मायक्रोचे ग्रीक चिन्ह साधे इंग्रजी ‘एम’ होऊन बसले. मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम झाले, हजारपट! चिन्हाच्या जागी रिकामे चौकोन उमटले असते तर वाचणारा थबकला तरी असता. इथे चूक अगदी सभ्य चेहऱ्याने उभी होती. मी चष्मा पुसला आणि सभा तहकूब केली. पुढच्या बैठकीत तुझे कलम मंजूर झाले.

परवा भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी काकूची पंधरा वर्षांपूर्वीची नोंद उघडली. ते रुग्णालय केव्हाच बंद पडले, तिथले संगणकही गेले. फाइल तेवढी आपल्या समितीने ठरवलेल्या स्वरूपात असल्याने टिकली होती. भुलीच्या औषधाच्या अगदी थोड्या मायक्रोग्रॅमनीच तिचा श्वास मंदावला होता, हे तीत जसेच्या तसे होते. त्या म्हणाल्या, हेच आकडे मिलिग्रॅममध्ये दिसले असते, तर नोंदच चुकीची समजून मी ती बाजूला सारली असती आणि नेहमीची मात्रा दिली असती.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. त्या बैठकीच्या इतिवृत्तात हे कलम ‘अध्यक्षांच्या सूचनेवरून’ आल्याची नोंद आहे. ती मी सांगून करवून घेतली होती. तू वाचलीस आणि चकार शब्द काढला नाहीस. जतन केलेले इतिवृत्त बदलता येत नाही, पुरवणी मात्र जोडता येते. आज मी ती सही करून दाखल केली. सूचना तुझी होती आणि विरोध माझा, एवढेच तीत आहे. तुझे आभार मी त्याच खोलीत, सर्वांसमोर मानायला हवे होते.

तुझाच ऋणी,
तेव्हाचा अध्यक्ष