गोळीबरोबर गेलेला ओपल

ती. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (गुडघा वाकत नाही, म्हणून खुर्चीत बसूनच घातला आहे, तू तो पुरा धरावास.) तुझी तब्येत बरी असेल, भावोजींचं सकाळचं फिरणं चालू असेल असं समजतो. मी करून दिलेली कवळी खालून सैल झाली असली तर कापूस कोंबत बसू नकोस, सरळ पार्सलने पाठव. तीस वर्षं गावभरच्या लोकांचे दात घासून चकचकीत केले, आता सख्ख्या बहिणीचेच डुगडुगायला नकोत.

आज अचानक पत्र कसं, असं वाटेल. दीड वर्षापूर्वी तू फोनवर म्हणालीस की तुला माणसांची सवयच राहिली नाही, निदान एखादा छंद तरी लावून घे. त्यावर मी फोन ठेवला. तो ठेवला नव्हता, हातातून सटकला, असं मी इतके दिवस स्वतःला सांगत आलो. असो. छंद लावून घेतला आहे, हे कळवावं म्हणून लिहितो.

मी दगड घासतो. आमच्या कोपऱ्यावरचा घड्याळवाला दुकान बंद करून मुलाकडे राहायला गेला, त्याने आपलं जुनं घासायचं यंत्र आणि अकीकाच्या, म्हणजे रेघारेघांच्या दगडाच्या, तुकड्यांचा एक डबा माझ्या गळ्यात मारला. (डबा उचलताना माझ्या पाठीत उसण भरली ती अजून सुटलेली नाही.) काम तसं सोपं. दगडाचा तुकडा लाखेने काडीच्या टोकाला चिकटवायचा आणि ओल्या चाकावर फिरवत फिरवत त्याला गुळगुळीत घुमटाचा आकार द्यायचा, अंगठीत बसवतात तसा. आधी खरखरीत चाक, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी चामड्यावर पावडर लावून चमक आणायची. घाईत एक ओरखडा मागे राहिला की तो शेवटच्या चमकेत बरोबर वर येतो आणि पुन्हा पहिल्या चाकापासून सुरुवात. दातांचंही असंच होतं, पण दाताला निदान गिऱ्हाईक यायचं आणि तोंड उघडून बसायचं.

पहिल्याच आठवड्यात लाख नीट तापली नव्हती. दगड काडीवरून सुटला तो खिडकीतून बाहेर आणि खालच्या बाईंच्या गॅलरीत, धुण्याच्या बादलीत. बाई शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. दगड रुमालात धरून वर आल्या आणि "हा तुमचा का?" असं विचारून दारात उभ्या राहिल्या. मी हो म्हटलं. दगड उजेडाला धरून त्या म्हणाल्या, "रेघा छान आहेत." आणि गेल्या. महिन्याभरात माझं दार कोणी वाजवलं असेल तर ते तेवढंच. (वीजमीटरवाला धरला तर दोनदा; पण तो आत येत नाही.) आता तुझ्यापासून काय लपवायचं, त्यानंतर मी खिडकी कधी लावली नाही, आणि लाखही, खरं सांगायचं तर, जेमतेमच तापवायचो. आणखी दोन दगड गेले, बाई आणखी दोनदा वर आल्या. दुसऱ्या वेळी तर चहा घेऊन गेल्या. तिसऱ्या दगडानंतर मात्र त्यांनी गॅलरीला जाळी बसवून घेतली. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. तेव्हापासून माझी लाख उत्तम तापते.

मग ओपल. घड्याळवाल्याच्या डब्याच्या तळाशी, कापसात, तुरीच्या दाण्याएवढा एकच होता. अकीक म्हणजे राकट. ओपल मात्र नाजूक, जरा तापला की तडकतो. तेरा दिवस मी त्याला चाकाजवळ नेऊन परत आणत होतो. शेवटी जमला. पाण्यात ठेवला की त्यात हिरवा आणि तांबडा रंग असा काही हलायचा, की मी तो जेवणाच्या टेबलावर काचेच्या पेल्यात ठेवायला लागलो. समोर काहीतरी हलतं आहे, एवढंच.

पुढचं तू ओळखलं असशील. सकाळी रक्तदाबाची गोळी तोंडात टाकली, हाताला आला तो पेला उचलला. आज गोळी जरा जाडच आहे, असं मनात आलं. मग रिकाम्या पेल्याकडे पाहिलं.

दवाखान्यातल्या नर्सने विचारलं, "काय गिळलंत?" ओपल म्हटल्यावर तिने कागदावर औषधाचं नाव समजून लिहिलं आणि किती मिलिग्रॅमची असं विचारलं. डॉक्टर हसले नाहीत, पण एक्स-रे फोटो काढायला बाहेर नेताना त्यांचे खांदे हलत होते. "वाट बघा, येईल," म्हणाले. तीन दिवस वाट बघण्यात कसे गेले ते तुला लिहीत नाही; पिठाची एक चाळणी टाकून द्यावी लागली एवढं सांगतो. चौथ्या दिवशी आला. चमक तसूभर कमी झालेली नाही. ही बातमी कोणाला सांगावी म्हणून मी दार उघडून जिन्यापर्यंत गेलो, आणि ही बाईंना सांगण्यासारखी नव्हे, हे लक्षात आल्यावर परत आत आलो.

तेव्हा काळजीचं कारण नाही. भावोजींना नमस्कार, नातीला पापा.

तुझा,
धाकटा

ता. क. फोटोत दगड दिसलाच, शिवाय उजव्या फुप्फुसाच्या खालच्या टोकाला एक ठिपका दिसला. दगडाच्या भुकटीला नावं ठेवू नकोस. चाकावर पाणी सोडलेलं असतं, नाकाला फडकं असतं, आणि ठिपका छंदापेक्षा जुना वाटतो असं डॉक्टरांचं म्हणणं. येत्या बुधवारी सकाळी दहाला सुई घालून तुकडा काढणार आहेत. काही निघेलच असं नाही. मात्र सोबत कोणी असल्याशिवाय घेत नाहीत.

ता. क. २. खालच्या बाईंना विचारलं. पुरतं बोलू न देता हो म्हणाल्या. मग फॉर्म भरायला बसलो, तर त्यात 'रुग्णाशी नातं' असा रकाना निघाला. "काय लिहू?" म्हणाल्या. शेजारीण लिहिलं तरी दवाखान्याला चालतं. मीच फॉर्म घडी घालून ठेवला, अजून भरलेला नाही. तुला जमणार नसेल तर तसं कळव, बाई येतील, काही अडणार नाही. जमत असेल तर मंगळवारी ये. तुला काही करायचं नाही, दोन तास बाहेर बाकावर बसायचं. बाकाला पाठ आहे, वर पंखाही आहे. मी काल जाऊन बसून बघितलं.