वटारच्या वाडीत लावलेली डोल

वटार, २० जुलै १९९८

तीर्थरूप सेबेस्टियनदादास,
सिप्रियनचा शिरसाष्टांग नमस्कार आणि जय येशू. तुझा गुडघा आणि आग्नेसवहिनींचा स्वभाव, दोन्ही पावसात दुखत नसतील अशी आशा आहे. तुमचं पाचूबंदर एसटीने अर्ध्या तासावर असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण मागच्या वर्षी होडी सोडून सासरी राहायला निघताना धक्क्यावर चारचौघांत 'समुद्रात काय ठेवलंय, मी जमिनीवर राजासारखा राहीन' असं मी बोलून बसलो, त्यामुळे तोंड दाखवण्यापेक्षा टपाल बरं.

तर राजाची हकिगत ऐक. सासऱ्यांच्या केळीच्या वाडीत एक उदमांजर येतं. पिकलेला घड नेमका ओळखतं, निवडून खातं आणि साली आमच्या दारात टाकून जातं (हे ते मुद्दाम करतं, असं सासऱ्यांचं म्हणणं आहे). महिनाभर सोसल्यावर सासऱ्यांनी मला समोर बसवून सांगितलं की जावयाने आता काहीतरी करून दाखवावं, नाहीतर कामणला ओळखीच्या गोदामात वॉचमनची जागा आहे. दादा, वादळात मी कधी घाबरलो नाही. पण स्टुलावर बसून ट्रकचे नंबर लिहायला मात्र घाबरलो. मी तिथल्या तिथे छाती ठोकून म्हटलं, आठ दिवसांत धरतो, कोळ्याचा मुलगा आहे.

आता धरायचं कशाने? लोक पिंजरा लावतात. पण पिंजऱ्यातलं मला काय कळतं? तू पावसाळ्यात शिवायला म्हणून दिलेलं डोलीचं लांब जाळं मात्र घरात होतं (शिवतोय, दादा, अर्धं झालं). मी हिशेब केला : मासा भरतीबरोबर येतो, तसं जनावर वाऱ्याबरोबर येत असणार. म्हणून दोन माडांच्या मध्ये डोल ताणली, तोंड पश्चिमेला केलं, शेपटाकडच्या पिशवीत सुके बोंबील टांगले आणि ओहोटी लागेपर्यंत झोपलो. ओहोटी वाडीत कशी कळते, असं फिलोमिनाने विचारलं. बायको माळ्याची मुलगी, तिला काय समजावणार! सकाळी पिशवीत सहा मांजरं होती, सगळी शेजारच्या मार्गारेटमावशींची. उदमांजर फळं खातं, बोंबील नाही, ही गोष्ट अख्ख्या वटारला माहीत होती, पण मला कोणी सांगितली नाही, कारण मी कोणाला विचारली नाही.

दुसऱ्या दिवशी बोंबलांऐवजी केळी टांगली आणि तोंड दक्षिणेला फिरवलं, कारण वारा फिरला होता. पहाटे मोटर लावायला निघालेले सासरे सरळ आत चालत गेले ते पार पिशवीपर्यंत. तुझ्या डोलीला मानलं पाहिजे, दादा, एक धागा तुटला नाही. मी जवळ गेलो तर ते आतून शांतपणे म्हणाले, "जावई, मी पापलेट नाय."

मग मी डोल गुंडाळून शेडच्या माळ्यावर टाकली. पाचव्या दिवशी शिवायला म्हणून वर गेलो, तर ऐन डोलीच्या घडीत उदमांजर निजलेलं, पोटाशी तीन पिल्लं. म्हणजे शेवटी जाळ्यात आलं, पण वारा नाही, भरती नाही, आमिष नाही. मी खाली येऊन अभिमानाने जाहीर केलं. सासूबाईंनी ताबडतोब बजावलं की बाळंतिणीला कोणी हात लावायचा नाही. सासरे फक्त कामणला फोन करायला गेले.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.
तुझा धाकटा,
सिप्रियन

ता. क. डोल इतक्यात मागू नकोस. पिल्लांचे डोळे उघडायचे आहेत.

ता. क. दुसरा : केळीचा घड हल्ली मीच माळ्यावर नेऊन ठेवतो. तिला आता झाडावर चढवत नाही. हे सासऱ्यांना कळलं तर कामणसुद्धा मिळणार नाही.

ता. क. तिसरा : कामणचा खाकी शर्ट आला. अंगाला नीट बसतो, हेच वाईट. पंधरा ऑगस्टला होडी उतरवशील, त्याआधी डोल घेऊन मी स्वतः येतो. माझी लाल टोपी होडीत सुकाणूजवळ खिळ्याला राहिली होती. अजून तिथेच असेल, तर काढू नकोस, दादा.