तोंडावरचा माणूस

५ जानेवारी, सोमवार

जालना! नोकरी मिळाली, खोली मिळाली आणि खोलीच्या खिडकीतून ऊनही येतं. अण्णा घरून, कुंभार पिंपळगावहून, मोटारसायकलवर सोडायला आले. मागे मी, माझ्या मांडीवर बॅग, बॅगेवर मोसंब्यांची पिशवी. घरमालकीण सोनूबाईंनी त्यातलीच एक मोसंबी सोलून मला खायला दिली आणि काम काय करतेस म्हणून विचारलं. वेल्डिंगच्या जोडांची तपासणी करते म्हटल्यावर म्हणाल्या, "म्हंजे ग्रिलची? मंग आमच्या जिन्याची जाळी बघ माय, कवाची हलून राह्यली."

पाहिली. जोड खरंच सुटला होता. जालन्यातली माझी पहिली तपासणी!

पुण्याच्या प्रयोगशाळेत मी नमुन्याच्या पट्ट्या वाकवल्या, ओढून तोडल्या, आम्लात बुडवून जोडाच्या कडा पाहिल्या. वेल्डिंग इन्स्पेक्टरची लेखी परीक्षाही पास झाले. आता प्रमाणपत्रासाठी एक अख्खी टाकी माझ्या सहीने तपासून झालेली दाखवायची आहे. ती इथे मिळणार. अण्णा जाताना म्हणाले, सही मराठीत कर, वळणदार येते.

६ जानेवारी, मंगळवार

एमआयडीसीत जिकडेतिकडे सळईचे कारखाने. कुंपणांवर, बाभळींवर, चहाच्या टपरीच्या छपरावर तांबूस धूळ. आमचं शेड त्या मानाने स्वच्छ, कारण इथे स्टेनलेस स्टीलचं काम चालतं. माझी टाकी औषधाच्या कारखान्यासाठी आहे. आडवी ठेवलेली, आत वाकूनच उभं राहता येईल एवढी. एका टोकाला माणूस शिरण्यापुरतं गोल भोक आहे. त्याला इथे तोंड म्हणतात.

शेडची पद्धत मला फार आवडली. टाकीत शिरणाऱ्याने आपला पितळी बिल्ला तोंडाजवळच्या आकड्याला अडकवायचा. बाहेर एक माणूस बसतो, तो तोंडावरचा. तो मधूनमधून हातोडीने टाकीवर ठोकतो, आतल्याने ठोकून उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही तर ओढून बाहेर काढायचं. बाहेर आल्यावर बिल्ला ज्याचा त्यानेच काढायचा, दुसऱ्याने हात लावायचा नाही. आणि बिल्ला अडकलेला आहे तोवर तोंडावरच्याने जागचं उठायचं नाही. आमच्या पुस्तकात यासाठी अख्खं प्रकरण आहे.

तोंडावर पुंजाराममामा बसतात. शेडमधले सगळ्यात जुने. माझा बिल्ला त्यांनीच कोरून दिला. 'तृप्ती'तला 'तृ' जमेना तेव्हा मालकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, की पुढच्या वेळी सोप्या नावाची इंजिनीयर आणा.

८ जानेवारी, गुरुवार

एक गोष्ट कळेना. माझी टाकी रिकामी आहे, तरी मामा तिच्याच तोंडावर गोणपाट टाकून बसलेले असतात. सकाळी आल्यावर ठोकतात, कान देतात, मग बसतात. आकड्याला एक बिल्लाही आहे. सोमेश्वर.

कल्याणला विचारलं. तो आमचा सगळ्यात चांगला वेल्डर. पहिल्याच दिवशी मला म्हणाला होता, "तुम्ही तोडणाऱ्या, आम्ही जोडणारे. जमायचं कसं मॅडम?" आज मात्र हसला नाही. सोमेश्वर म्हणजे त्याचा जोडीदार. मागच्या वर्षी याच टाकीत आतला जोड घासायला शिरला होता. पत्र्यांचा ट्रक आला म्हणून मालकांनी तोंडावरच्याला, म्हणजे मामांनाच, उठवून उतरवायला नेलं. तोंडावर कुणी नाही म्हणजे आत कुणी नाही, असं समजून दुसऱ्याने टाकीत आर्गन सोडला. जोड मागून काळा पडू नये म्हणून हा वायू भरतात. त्याला वास नाही, रंग नाही. खोकला येत नाही, गुदमरल्यासारखंही होत नाही. माणूस शांत होत जातो, इतकंच.

त्याला इतरांनी बाहेर काढलं. बिल्ला ज्याचा त्यानेच काढायचा असतो, म्हणून तो राहिला. उरलेला जोड कल्याणने बाहेरून पुरा केला आणि टाकी पडून राहिली. आता मालकांना ती पाठवायची आहे.

१२ जानेवारी, सोमवार

आज गिऱ्हाइकाला पाठवायला टाकीचे फोटो काढायचे होते. प्रत्येक फोटोत तो बिल्ला येत होता. आत माणूस असल्याची खूण रिकाम्या टाकीवर, तपासणीच्या कागदांत. ते चालत नाही. मामा चहाला गेले होते. मी बिल्ला काढून माझ्या खणात ठेवला.

मामा आले, आकड्याकडे पाहिलं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी गोणपाटाची घडी घालून माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाले, "बाहेर माणूस हाय, एवढ्यावर तो गप होता, बाई. आता ज्यानं काढला त्यानं बसायचं." आणि हातपाय धुऊन घरी गेले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा सुटीच्या आधी, असं कल्याण म्हणाला.

वाईट वाटलं. पण फोटो चांगले आलेत.

१३ जानेवारी, मंगळवार

मामा आले नाहीत. बिल्ला परत लावायला खण उघडला तर बिल्ला नव्हता. कुणी घेतला असेल.

दुपारी टाकीच्या बाहेरून जोडाची जाडी मोजत होते. आतून ठोकल्याचा आवाज आला. उत्तर द्यायचं असतं हे इतकं अंगवळणी पडलंय की विचार करायच्या आधीच मी हातोडी उचलून ठोकलं होतं.

नंतर तोंडातून बॅटरी मारली. आत कुणी नाही. धातू उन्हाने तापतो, थंड होतो, वाजतो. हे मी शिकले आहे.

१५ जानेवारी, गुरुवार

काल संक्रांतीची सुटी होती, म्हणून एक्स-रे उरकला. टाकीच्या मधोमध किरणं सोडणारी गोळी टांगतात आणि बाहेरून जोडाभोवती फिल्म गुंडाळतात. किरणांच्या वाटेत काही आलं तर फिल्मवर तेवढा भाग फिका उमटतो. गोळी काठीने आत सारली. आत कुणी शिरलं नव्हतं. शेडमध्येच कुणी नव्हतं.

जोड निर्दोष आहे. पण एका फिल्मवर जोडाच्या खाली चार फिके पट्टे आहेत. प्रत्येक पट्टा तीन ठिकाणी तुटलेला. मी बराच वेळ फिल्म उजेडासमोर धरून उभी होते. मग माझा हात तिच्यावर ठेवला. पेरं जुळली.

एक्स-रे काढणाऱ्या एजन्सीचा माणूस म्हणाला, फिल्म खराब असेल. मी 'पुन्हा घ्या' असा शेरा लिहिला.

१७ जानेवारी, शनिवार

सोनूबाई आज रागावल्या. मी चुलीवरचं पातेलं फडक्याशिवाय उतरवलं म्हणे, आणि धरूनच उभी राहिले. "अगं सोड, माय, कातडं जाळून राह्यली!" बोटांना फोड आलेत. दुखत नाहीत. त्यांनी तुळशीतली माती लावली, ती गार आहे का गरम, तेही कळलं नाही.

टाकी आता रोज ठोकते. मी रोज उत्तर देते. आणखी कुणाला ऐकू येत नाही. कल्याणला येत असावं, कारण तेव्हा तो ग्राइंडर सुरू करतो.

१९ जानेवारी, सोमवार

दुसरी फिल्म आली. जिथे पट्टे होते तिथे आता काही नाही. ते शेजारच्या फिल्मवर आहेत. तोंडाच्या बाजूला.

मला भीती वाटायला हवी. दुपारी डबा खाल्ला. मेथी होती. चव नव्हती.

मामांच्या घरी गेले, बदनापूरच्या रस्त्याला. ते दारात आले, आत बोलावलं नाही. मी ठोकण्याचं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, की मी उत्तर दिलं का. दिलं म्हटल्यावर दार लोटलं. आतून म्हणाले, "मी कधी उत्तर न्हाई दिलं. मी ठोकायचो. उत्तर दिलं की आत आपण, बाहेर तो."

२१ जानेवारी, बुधवार

सोनूबाईंच्या पाण्याच्या ड्रममधून ठोकलं. मी आंघोळीला चालले होते. तांब्याने उत्तर दिलं. द्यायचं नव्हतं. हात गेला.

अण्णांचा फोन. सगळं बरं आहे म्हणाले. म्हणजे मी म्हणाले.

२२ जानेवारी, गुरुवार

गिऱ्हाइकाचा इन्स्पेक्टर परवा येतोय. त्याआधी टाकी आतून पाहून अहवाल हवा. मालकांनी कल्याणला आत शिरायला सांगितलं. त्याने डोक्यावरची टोपी काढली. नंतर माझ्या टेबलाशी येऊन, विचारलं नसताना सांगितलं, "रविवारी पोरीचं जावळ हाय, मॅडम. समदे पाव्हणे येऊन राह्यलेत." हातातली टोपी नुसती फिरवत होता.

बिल्ला मी काढला. उत्तर मी दिलं. सहीही माझीच लागणार आहे.

मी जाते म्हटलं. त्याने तोंडावर बसायचं कबूल केलं. आकाशातून देव आला तरी उठणार न्हाई, म्हणाला.

२३ जानेवारी, शुक्रवार. सकाळ

बिल्ला अडकवला. ऑक्सिजनचं मीटर बरोबर दाखवतंय. कल्याण मामांच्या गोणपाटावर. नोंदींसाठी हीच वही आत नेते.

आत

जोड स्वच्छ. रंग चंदेरी, कुठे काळपट नाही. फार चांगला हात होता सोमेश्वरचा.

जोडाखाली चार ठिकाणी पत्रा घासून चकचकीत झालाय. बोटं ठेवून पाहिली. बसतात.

कल्याणने ठोकलं. उत्तर दिलं. ठीक.

परत ठोकलं. दिलं.

बाहेर ट्रकचा हॉर्न. मालक हाका मारतायत — पत्रे उतरवायला — कल्याण ओरडून सांगतोय, "बिल्ला हाय वर, मी न्हाई उठत" — मालक शिव्या देतायत —

ठोकणं थांबलं.

मी ठोकलं.

उत्तर आलं. बाहेरून नाही. माझ्या पाठीमागून, हाताच्या अंतरावरून —

वळून पाहिलं नाही. तोंडाकडे पाहतेय. उजेडाचा गोल. गोणपाटावर कुणी बसलंय. कल्याण नाही. कल्याणचा आवाज लांब ट्रकपाशी. याच्या बुटांना स्टीलची चंदेरी धूळ —

ओळखते. नाही, ओळखत नाही. फक्त बोटं —

मीटर वाजतंय. फार लांब वाजल्यासारखं. पाय आहेत, पण उठत नाहीत. नळीची फुसफुस. आर्गन सुरू केलाय कुणी. त्रास काहीच नाही. खरंच काही नाही. अण्णांना सांगा —

तो उभा राहिला. आकड्याकडे हात. पितळ वाजलं.

माझा बिल्ला काढला त्याने. बिल्ला नाही म्हणजे आत कुणीही न