आईच्या मॅकरोनीत काय काय असायचं

४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही इकडे सगळे बरे आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण तोंड ठणठणीत आहे. ऐंशी पूर्ण झाली तरी रोज संध्याकाळी मी चीजच्या कारखान्यातून आलो की दारातच विचारतात, "काय रे, आज सळईला काय लागलं?" बूटसुद्धा काढू देत नाहीत. हिची शाळा, हिचे पेपर तपासणं चालू आहे. चिमणी दहा वर्षांची झाली आणि आता तिला चिमणी म्हटलेलं चालत नाही.

फोनच करणार होतो. पण फोनवर तू नुसतं "हं" म्हणतेस, आणि तुझं ते "हं" ऐकलं की मी हवापाण्यावर बोलायला लागतो. म्हणून पत्र.

एक छोटंसं काम होतं. आई होती तेव्हा आपल्याला चीजचं जे जे करून घालायची, ते सगळं मला लिहून पाठवशील? चिमणीला हवंय. बाबा शनिवारी कोटाच्या खिशातून कागदात गुंडाळलेल्या कडा आणि तुटके तुकडे आणायचे, ते आठवतं. कोट आठवडाभर दोरीवर टांगला तरी वास जायचा नाही. कडा घालून उकळलेलं सूप आठवतं. बटाट्याच्या चकत्यांचे थर आठवतात. तव्यावरचा टोस्ट आठवतो, आणि त्यातून बाहेर वाहिलेलं चीज उलथन्यानं खरवडून आई ज्याचा अभ्यास झाला असेल त्याला द्यायची. म्हणजे तुलाच. पण त्या पोचा पडलेल्या ट्रेमधल्या मॅकरोनीत ती नेमकं काय घालायची? काहीतरी झणझणीत होतं, नाकात जायचं. तेच मला आठवत नाही. जितक्या लवकर लिहिशील तितकं बरं. म्हणजे घाई अशी नाही.

कारखान्यात ढीगभर काम आहे. परवाच चीजची चाळीस गोल चाकं पास केली. तेरा तारखेला ती शाळांच्या जेवणासाठी जायची आहेत. पद्धत अजून बाबांचीच: चाकात पोकळ सळई खुपसायची, चीजची कांडी बाहेर काढायची, हुंगायची, टोक मोडून चाखायचं, उरलेली कांडी परत भोकात सारून अंगठ्यानं लिंपून टाकायची. दोन चाकं बोटानं वाजवली तर आवाज जरा पोकळ वाटला. पण रंग छान, कड छान. वासही ठीकच. ठीकच असणार. उगाच माझं आपलं चोराच्या मनात चांदणं.

चष्म्याच्या दुकानात तुझं बरं चाललंय ना? उत्तर लिही. नुसती यादी पाठवलीस तरी चालेल.

तुझा,
उंदीर

(तूच ठेवलेलं नाव आहे. आता केस पांढरे झाले, पण उंदीर तोच.)


११ मार्च

ताई,

तुझं पत्र काल आलं. तुझं अक्षर पाहून हिनं पाकीट दोन्ही हातांनी धरून आणून दिलं. यादी वाचली. मोहरीची पूड! मोठे दोन चमचे! आणि जायफळ, आणि वर शिळ्या पावाचा चुरा. मी बावीस वर्षं चीज चाखून पोट भरतोय आणि मला मोहरी आठवू नये.

खाली तू लिहिलंयस, "एवढ्या वर्षांनी तुला मॅकरोनी कशाला हवी? चिमणीच्या आडून बोलू नकोस. खरं काय ते लिही."

लिहितो. पण आधी काल काय झालं ते ऐक.

ही चिमणीला घेऊन बाजारात गेली होती. बाबा गॅलरीत दार ओढून घोरत होते. मी तुझ्या यादीबरहुकूम मॅकरोनी केली, ट्रे ओव्हनमध्ये ठेवला आणि ओव्हनकडे पाठ करून तिथेच टेबलाशी तुला आभाराचं पत्र लिहायला बसलो. ओव्हन हाताच्या अंतरावर. बऱ्याच वेळानं दार धाडकन उघडलं आणि ही ओरडतच आत आली, "अहो, काय चाललंय काय? जिन्याच्या खालपासून करपल्याचा वास येतोय!" मी मागे वळलो तर ओव्हनच्या फटीतून धूर येत होता. ट्रेमध्ये कोळसा. चिमणी नाक दाबून उभी. आणि मी आपला पेन हातात धरून हिच्याकडे बघतोय. हिनं ओव्हन बंद केला, खिडक्या उघडल्या, मग माझ्यासमोर बसली आणि हळूच म्हणाली, "तुम्हाला काहीच येत नाही ना वास?"

नाही येत. डिसेंबरात ताप आला होता, तेव्हापासून. साबण नाही, रॉकेल नाही, चीज नाही. जिभेला खारट, आंबट, गोड एवढंच कळतं. नाकाच्या डॉक्टरांकडे गुपचूप जाऊन आलो. ते म्हणाले, येईल कदाचित, नाही येणार कदाचित, लहानपणचे ओळखीचे वास रोज घेत चला. म्हणून मॅकरोनी. म्हणून तुला पत्र. तीन महिने मी सळईची कांडी नाकाशी धरतो, कपाळाला आठ्या घालतो, बाबा घालायचे तशा, आणि वहीत "उत्तम" लिहितो. बाबांना दारात रोज काहीतरी सांगतो, "आज लोण्यासारखं लागलं", "आज गवताची चव होती". म्हातारा खूश.

आणि ती चाळीस चाकं. मी फक्त डोळ्यांनी आणि बोटानं पास केली. दोन पोकळ वाजली होती. काल पुन्हा जाऊन वाजवली, तर आणखी दोनांची शंका आली. ही म्हणते, "माझ्याच शाळेत जाणार आहे ना ते? माझ्या वर्गातली पोरं खाणार ना?" मी म्हटलं, हो. ती उठून करपलेला ट्रे घासायला लागली. त्यापेक्षा चार शब्द ऐकवले असते तर बरं झालं असतं.

तू म्हणशील, मग सांग की मॅनेजरबाईंना, मला काय पत्रं लिहितोस? बरोबर आहे. ताई, मला सांगायची भीती नोकरीपायी वाटते, असं मी स्वतःला बजावत होतो. रात्रभर तळमळलो तेव्हा कळलं, तसं नाहीये. नोकरी गेली तर दुसरी बघेन. भीती अशी आहे की एकदा कुणी विचारलं, "नाक कधी गेलं?", की मागोमाग दुसरा प्रश्न येईल, "आधी तरी होतं का?"

तुला माहीत आहे. जगात तुला एकटीला माहीत आहे.

स्वयंपाकघरातलं ते टेबल. बाबा आपल्या दोघांच्या डोळ्यांना फडकी बांधायचे आणि एकेक तुकडा नाकाखाली धरायचे. कोवळं, पिकलेलं की उतरलेलं, म्हणजे बिघडलेलं? मी आठ वर्षांचा, मला काही म्हणजे काही कळायचं नाही, आणि चुकलो की बाबा हसायचे. "याचं नाक नुसतं शेंबडासाठी आहे." मी रडायचो. मग एकदा टेबलाखाली तुझा अंगठा माझ्या पावलावर आला. एकदा दाबलं तर कोवळं, दोनदा पिकलेलं, तीनदा उतरलेलं. तू आधी हुंगायचीस, पायानं सांगायचीस, मग मी उत्तर द्यायचो. बाबा आईला म्हणाले, "अगं, दोघंही माझ्यावर गेलीत." आईनं त्या दिवशी मॅकरोनीच्या ट्रेचा खरपूस कोपरा मला दिला होता. तो खाताना मी तुझ्याकडे पाहिलंही नाही.

तेव्हा आपण लहान होतो, ते सोडून दे. पण बाबा निवृत्त होताना त्यांच्या जागेसाठी जुन्या मॅनेजरांनी आपल्या दोघांची परीक्षा घेतली, तेव्हा मी वीस वर्षांचा घोडा होतो. आदल्या दिवशी मी तुझ्या हातापाया पडलो. "शेवटचं, ताई. चारचौघांत बाबांचं नाक कापलं जाईल. मला जागा नकोय, फक्त नापास नको." तू मान डोलावलीस. चीज पिकायला ठेवतात त्या थंडगार खोलीत आपण डोळे मिटून शेजारी उभे होतो, आणि तू माझ्या रबरी बुटावर बूट दाबत होतीस. दहापैकी दहा, दोघांचे. तुला वाटलं असणार, सगळ्यांना ठाऊक आहे कोण सरस ते, जागा आपल्यालाच मिळेल. मॅनेजर बाबांना म्हणाले, "सारखेच आहेत की हो. तुम्हीच सांगा." आणि बाबा एका क्षणात म्हणाले, "सारखे असतील तर मुलगा."

तू मदत केलीस म्हणून आपण सारखे ठरलो. मी त्याच वेळी तोंड उघडायला हवं होतं. मी बूट बघत उभा राहिलो. तू महिनाभरात घर सोडलंस आणि कुणालाही, आईलाही, कधी एक अक्षर बोलली नाहीस.

नंतर मी शिकलो गं. कामापुरतं. पण दर वेळी कांडी नाकाशी नेली की पाऊल आपोआप वाट बघायचं.

हे पत्र तुला मिळेल तोवर तेरा तारीख उलटून गेली असेल. लिहिता लिहिताच ध्यानात आलं. म्हणजे मी पुन्हा तेच केलं, तुझ्या उत्तराच्या नावाखाली वेळ काढला. तू काहीही लिहिलंस तरी ट्रक थांबणार नाही. थांबवायचा तर मलाच थांबवावा लागेल.

तुझा भाऊ


१७ मार्च

ताई,

ट्रक थांबवला.

शुक्रवारी सकाळी सातला पोहोचलो तर निम्मी चाकं वर चढलीसुद्धा होती. मी ड्रायव्हरला म्हटलं, उतरवा. तो म्हणाला, "अहो साहेब, कालच तुमची सही घेतली, आज काय झालं?" चढवणारी माणसं थांबली. मॅनेजरबाई बाहेर आल्या. बाजूला बोलावून सांगावं असं ठरवून आलो होतो, पण बाजूला गेलो असतो तर पुन्हा शेपूट घातली असती. तिथेच सगळ्यांसमोर म्हणालो, "मला वास येत नाही. ही चाकं मी न हुंगता पास केली."

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"डिसेंबरपासून."

त्यांनी ट्रककडे पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तीन महिन्यांतलं सगळंच."

दुसऱ्या कारखान्यातली एक तपासनीस बाई दुपारी आली. तुझ्याच वयाची असेल. चाळीसपैकी सहा चाकं उतरलेली निघाली, आतून फुगून फाटलेली. दोन-चार नव्हे, सहा. आधीचा माल कुठे कुठे गेला त्याचा शोध चालू आहे. अजून कुणी आजारी पडल्याचं आलेलं नाही. फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावतो. मला चाकं धुवायच्या कामावर घातलंय, पुढचं चौकशीनंतर. चढवणाऱ्यांपैकी एकजण मला पाहून नाक मुरडतो. मुरडू दे, त्याला ते आहे.

त्या संध्याकाळी बाबा दारात होतेच. "काय रे, आज सळईला काय लागलं?" मी सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, उखडतील. तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या आठवणीत पहिल्यांदा. म्हणाले, "अरे, आजारपणात जातं माणसाचं. बावीस वर्षं तर होतं ना! माझी निवड काही चुकली नाही."

ताई, रागावले असते तर मी गप्प बसलो असतो. अजून बावीस वर्षंही बसलो असतो. पण तो खांद्यावरचा हात मला सहन होईना. मी त्यांना स्वयंपाकघरात नेऊन बसवलं आणि टेबलाखालचा पाय सांगितला. थंड खोलीतला बूट सांगितला. दहाच्या दहा उत्तरं कुणाची होती ते सांगितलं.

त्यांनी एकच विचारलं. "आणि ती गप्प राहिली?"

मी म्हटलं, "हो. तिनं कुणाला सांगितलं नाही."

"तिनं सांगितलं नाही असं नाही," बाबा म्हणाले. "मी तिला विचारलंच नाही. कोण जास्त चांगलं, हे मी एकदाही विचारलं नाही." मग काठी शोधली आणि उठून गेले.

चार दिवस ते माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. जेवण खोलीत मागवतात. दारात उभे राहत नाहीत. ही म्हणते, निवळतील. मला तसं वाटत नाही, आणि खरं सांगू, निवळावेत अशी घाईही नाही. आज सकाळी मात्र ते माझ्या खोलीच्या दाराशी आले. दाढी केलेली, सदरा बदललेला. भिंतीकडे बघत म्हणाले, "तिचा पत्ता दे."

मी मोठ्या अक्षरात लिहून दिला. "मी लिहून देऊ का, तुमचा हात थरथरतो," असं म्हणालो तर अंगावर आले. "तू नको मध्ये!" तेव्हापासून आत बसलेत. दोन कागद चुरगाळून बाहेर आलेत, तिसऱ्यावर चाललंय. काय लिहितायत मला माहीत नाही. माफी मागणं त्यांना जमेल असं वाटत नाही. कदाचित तुलाच बोल लावतील. तू अर्ध्यावर फाडलंस तरी मी तुला काही म्हणणार नाही. पण उघड. ऐंशी वर्षांचा माणूस तीन तास एका पत्रावर बसलाय, आणि ते पत्र माझ्यासाठी नाही.

मला क्षमा कर असं लिहिणार होतो. पण तू पुन्हा पटकन मान डोलावशील, याचीच धास्ती वाटते. या वेळी हवा तेवढा वेळ घे. नाही म्हणालीस तरी चालेल.

तुझी जागा बावीस वर्षं अडवून बसलेला,
तुझा धाकटा भाऊ