फुकट दिलं, पण उघडं ठेवलं नाही

बाबा, शिकवणाऱ्या बापांच्या पोरांची सगळीकडे एकच तक्रार असते. बापाचा धीर, बापाचं सगळ्यात चांगलं बोलणं वर्गातल्या परक्या मुलांना मिळतं आणि घरच्यांच्या वाट्याला दमलेला माणूस येतो. आज त्या सगळ्या पोरांच्या वतीने मी तुमच्यावर खटला भरतो आहे. तुम्ही जाऊन किती वर्षं झाली, तरी तुमचं वाटप मला मान्य नाही.

नंदनवनच्या घरातली पुढची खोली, रविवारी दुपारी तुमचा बायबलचा वर्ग. आजोबांचा हातमाग उमरेडला राहिला, पण त्याची सवय तुम्ही सोबत आणली होती. गिऱ्हाईक लुगडं उलटं करून मागची बाजू पाहतं, तसंच तुमचं म्हणणं: "माह्या बोलण्यावर जाऊ नका, पान काढून पाहा." तुमची चूक जो पकडेल त्याला तुम्ही तुमची खुर्ची द्यायचे आणि स्वतः सतरंजीवर बसून उरलेला वर्ग त्याच्याकडून ऐकायचे. मला अध्यायच्या अध्याय पाठ होते. मी ते खणखणीत म्हणून दाखवले, तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "आवाज चांगला आहे गा तुहा. पण पान काहून नाही उघडलं?" पुढच्याच रविवारी वाडीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात टायपिंग करणाऱ्या त्या पोरीने तुमचा एक संदर्भ चुकीचा असल्याचं पान काढून दाखवलं. "बराबर पकडलं वं पोरी!" म्हणत तुम्ही उठलात. ती खुर्चीत बसली. मी कधीच बसलो नाही.

तुम्ही बोलायचे, ती टाइप करून घ्यायची. तुम्ही गेल्यावर रविवारचा वर्ग तीच चालवते, आणि त्या टिपणांचं तिने स्वतः शिकून अ‍ॅप केलं आहे. बायबलच्या ओळीवर बोट ठेवलं की खाली तुमचा अर्थ उमटतो, तुमच्याच बोलीत. जाहिरात नाही, वर्गणी नाही. कन्हानपासून वाडीपर्यंत प्रत्येक ख्रिस्ती मंडळीत ते फोनवर आहे. लोक तिला दुवा देतात. मला ते ऐकवत नाही.

गेल्या महिन्यात कन्हानच्या सभेत मी शंभरांतलं एक हरवलेलं मेंढरू शोधायला निघालेल्या मेंढपाळाच्या गोष्टीवर बोलत होतो. सत्ता, समाज, एकटा पाडलेला माणूस. भाषण रंगात आलं होतं. पुढच्या रांगेतल्या एका आजीने फोन वर धरला. "भाऊ, थांबा गा जरासं. तुमच्या बाबानं त असं नाही सांगतलं. त्यायनं धाग्याचं सांगतलं आहे. लय साधं आहे, वाचू का?" सभा हसली, मीही हसलो. तिने वाचलं: शंभर धाग्यांत एक तुटला तरी विणकर माग थांबवतो आणि गाठ मारतो. बाबा, हे मी तुमच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. त्या रविवारी मी कुठेतरी भाषण ठोकत असणार.

पण अ‍ॅपमध्ये धागा बाण्याचा लिहिला आहे, म्हणजे आडवा. विणकराच्या घरातलं कोणीही सांगेल की माग थांबवावा लागतो तो ताण्याचा, उभा धागा तुटल्यावर. आडवा तुटला तर तिथेच जोडून पुढे जातात. तुम्ही ताणाच म्हणाला असणार. ही चूक हजार हातांत फुकट पोचते आहे आणि दुरुस्त करायचा रस्ता एकच, तिची मर्जी.

मी वाडीला तिच्या ऑफिसात गेलो. बाहेर ट्रक मागे घेत होते, ती चहा ओतत होती. म्हटलं, "अ‍ॅप ओपन सोर्स कर."

"दादा, फुकट आहे ना! अजून काय पाह्यजे तुमाले?"

"फुकट वेगळं, उघडं वेगळं. ज्या कोडवर ते चालतं तो आणि बाबांचा मजकूर सगळ्यांना पाहता आला पाहिजे, सुधारता आला पाहिजे."

"आणि उद्या कोणी बाबाच्या नावानं भलतंच घुसवून वाटलं तर? गावातल्या माणसाले काय समजते खरं कोणतं? अन् बायबलच्या भाषांतराचे हक्क दुसऱ्याचे. मले फक्त दाखवायची परवानगी आहे."

"भाषांतर सोड. तुझा कोड तुझा आहे, बाबांचे अर्थ सगळ्यांचे. उद्या तू नसलीस, नव्या फोनवर ते चाललंच नाही, तर? बाबा दुसऱ्यांदा जातील."

मग मी तिला बाण्याची चूक दाखवली. ती तिने तिथल्या तिथे सुधारली. मग माझ्याकडे पाहत म्हणाली, "खरं सांगा, हे सगळ्यायसाठी मागून राहिले का सोतासाठी? तुम्ही त्यायचं पोरगं. तुमाले सगळं देतो, रविवारी घेऊन जा. पण तुमच्याजवळच ठेवा."

बाबा, मला मोठं भाषण करता आलं असतं. एका कुलपाची दोन कुलपं करून दार उघडत नाही, हे मी कुठल्याही सभेत टेबल ठोकून सांगेन, आणि ते खरंच आहे. देवाच्या वचनाचा अर्थ ज्याला तपासता येत नाही त्याला तो नुसता ऐकावा लागतो. तुम्ही आयुष्यभर ह्याच्याच विरुद्ध लढलात. पण त्या वेळी माझ्या मनात एवढंच आलं: तुम्ही, पूर्णच्या पूर्ण, फक्त माझे. तिच्यापेक्षाही माझे. मी चहा संपवला आणि "पाहतो" म्हणून निघालो.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, टपालात पडणारही नाही. म्हणून शेवटचं तुमच्याशी नाही, तिच्याशी बोलतो. पोरी, रविवारी सगळ्या वर्गासमोर ते उघडं कर. मला एकट्याला देऊ नकोस. दिलंस तर मी घेईन.