न जन्मलेल्यांची खुर्ची

सर, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमची ती पद्धत मी वाघोलीच्या कॉलेजात अजून चालवतो आहे. युद्धासाठी सरकारने कर्ज काढावं का, यावर वर्गात वाद घालायचा आणि पुढे एक खुर्ची रिकामी ठेवायची. कर्ज फेडणारे अजून जन्मायचे आहेत, त्यांनाही विचारायला हवं, असं तुमचं म्हणणं. तुमचा विद्यार्थी असताना एकदा मी त्या खुर्चीवर पिशवी ठेवली, तेव्हा तुम्ही शांतपणे विचारलंत, "अहो, कर्ज तुमची पिशवी फेडणार का?" शेवटी तुम्ही खुर्चीकडे बघून म्हणायचात, "मान्य आहे?" कोणीच बोलत नसे. "हरकत दिसत नाही," म्हणत तुम्ही फळ्यावर 'मंजूर' लिहायचात. सगळे हसायचे. मला मात्र त्या शांततेची भीती वाटायची. तिथे कोणीतरी उत्तर जुळवत बसलंय असं वाटायचं.

परवा वर्गात वाद रंगला होता. "बँका सरकारच्या हातात असल्या की युद्धाला पैसा कमी पडत नाही," एक मुलगी म्हणाली. "आणि बुडाला तर? डिपॉझिट तुझ्या आजीचं," मागून उत्तर आलं. इतक्यात माझी मुलगी दारात आली. तिला सातवा महिना आहे. सकाळपासून बाळ हललं नव्हतं, आणि दवाखान्यात जाताना तिला मी सोबत हवा होतो. जावई गाडी वळवून आणेपर्यंत ती सुजलेल्या पायांनी नेमकी त्या खुर्चीवर टेकली. मी पुस्तकं आवरतो आहे, आणि एका पोराने गमतीने खुर्चीला विचारलं, "मान्य आहे?"

तिने पोट धरलं. "बाबा, हललं." पुन्हा हललं, जोरात. मला रडू आवरेना. मुलांनी टाळ्या वाजवल्या, कोणीतरी फळ्यावर 'मंजूर' लिहून टाकलं. डॉक्टर म्हणाल्या, सगळं ठीक आहे, झोपलं असेल. असेलही. पण ते होकार देत होतं की नकार, हे कोणाला विचारू? गप्प बसण्याचा अर्थ तुम्ही शिकवलात. उत्तर आलं तर काय करायचं, ते राहूनच गेलं.

गाडीत तिने विचारलं, "तो मुलगा काय मान्य आहे म्हणून विचारत होता?" मी स्वतःकडे बोट दाखवून म्हटलं, "हे आजोबा." ती खूप हसली. आता रोज संध्याकाळी पोटावर हात ठेवून ती बाळाला विचारते, "मान्य आहे?" आणि ते रोज हलतं.

हे पत्र टाकणार तरी कुठे, सर? तो प्रश्न युद्धाच्या कर्जाचा होता, हे तिला सांगायचं धैर्य माझ्यात नाही. ती विचारायला लागली की मी खोलीतून उठून जातो.