चेंबरचे सोळा बोल्ट

३ मार्च, सोमवार

परत डाग! सकाळी गाडी मागे घेतली आणि पाहिलं – फरशीवर काळं थारोळं. इंजिनाखाली तेलाचं चेंबर असतं, त्याचं पॅकिंग गेलंय. दिवसाला सात पेशंट, सात घरं, प्रत्येकाला इंजेक्शन वेळेवर हवं. गाडी वाटेत बसली तर मी काय पळत जाऊ? गॅरेजला टाकते म्हटलं, तर अप्पा म्हणाले, "घरात मेकॅनिक असताना?"

चाळीस वर्षं गॅरेजात काढली, मान्य. पण गेल्या वर्षीच्या आजारपणापासून उजवा हात थरथरतो. कप बशीत वाजतो. हे कुणी बोलायचं? मी बोलले. आईने डोळे वटारले.

४ मार्च

आता कळलं एवढा उत्साह कशाचा! जुन्या गॅरेजचे मालक विचारताहेत – आठवड्यातून तीन दिवस या, नव्या लोकांना शिकवा. अप्पांनी कळवलं, 'आधी घरची गाडी करून बघतो. हात चालला तर येतो.'

म्हणजे परीक्षा यांची आणि गाडी माझी. वा!

८ मार्च, शनिवार

सुट्टी गेली पाण्यात. जॅकने उचलून गाडी लोखंडी घोड्यांवर टेकवली, तेल काढलं, सोळा बोल्ट काढले. चेंबर तरी चिकटूनच. लाकडाने ठोकून ठोकून सुटलं. जुनं पॅकिंग खरवडायला अप्पांना दीड तास – "कण राहिला तरी तेल वाट शोधतं." मी टॉर्च धरून, मान मोडलेली.

नवं पॅकिंग बुचाचं. बोल्ट आवळायला छोटा पाना, तोही दोन बोटांनी. एक इकडचा, एक समोरचा, थोडं थोडं. "बोल्टने धरून ठेवायचं असतं, गळा नाही दाबायचा." हात थरथरला की थांबायचे, मनगट पोटाशी दाबून धरायचे, पुन्हा सुरू. मला बघवेना. आणि बोल्ट हे असे ढिले!

ते आंघोळीला गेले तेव्हा लांब पाना घेतला आणि सगळे कचकचून आवळले. त्यात सांगायचं काय? गाडी मला चालवायची आहे.

११ मार्च

गळतंय. गळतंय!!

सकाळी सकाळी शेजारचे काका कुंपणावरून, "काय हो, तेलाची विहीर लागली का?" स्वतःच हसले. मी दार आपटलं.

अप्पा म्हणे, "पॅकिंग खराब निघालं असेल. रविवारी दुसरं टाकू." नाचता येईना अंगण वाकडं!

१६ मार्च, रविवार

पुन्हा तेच सगळं. टॉर्च धरायला आज आई. मी हात लावणार नाही म्हटलं. अप्पांनी माझ्या टेबलावरचं व्हाइटनर नेलंय, परत दिलं नाही. चेंबरला व्हाइटनर कशाला, देव जाणे. विचारलं तर "खूण करायला." कसली खूण! वाद घालायचा कंटाळा आला.

संध्याकाळी ते फिरायला गेले. अंधारलं होतं, टॉर्च लावला तर आईला दिसेल. चाचपून चाचपून सोळाही आवळले. या वेळी चाकाला पाय टेकवून. आता गळ म्हणावं!

१८ मार्च

गळलं. आधीपेक्षा जास्त. वाटेत तेलाचा लाल दिवा लागला, गाडी बाजूला घ्यावी लागली. साखरेच्या आजींकडे पाऊण तास उशीर. ताट समोर झाकलेलं, इंजेक्शनशिवाय जेवायचं नाही म्हणून बसून होत्या. "येशील म्हटलं होतं मी," एवढंच म्हणाल्या. रडू आलं, रागाने.

घरी येऊन तोंड सोडलं. "हात चालत नाही हे कबूल करा एकदाचं! तुमच्या हट्टापायी लोक उपाशी बसतात!"

अप्पा टॉर्च घेऊन गाडीखाली गेले. अर्धा तास तिथेच पडून होते. बाहेर आले, हात धुतले, मालकांना फोन लावला. "नाही जमणार. हात राहिला नाही माझा."

आई माझ्याशी बोलत नाही. नको बोलू दे. खरं ते खरं.

१९ मार्च

अप्पांनी हत्यारांची पेटी माळ्यावर टाकायला सांगितली. टाकली. जड होती.

२२ मार्च, शनिवार

गॅरेजवाला सोमवारी गाडी न्यायला येतोय, उरलेलं तेल काढून ठेवा म्हणाला. म्हणून दुसरं पॅकिंग टाकल्यापासून आज पहिल्यांदाच भर उजेडात, टॉर्च घेऊन गाडीखाली गेले.

प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून खाली चेंबरवर एक बारीक पांढरी रेघ. माझं व्हाइटनर! अप्पांनी आवळून झाल्यावर ओढलेली. बोल्ट जागचा हलला तर रेघ तुटते.

सोळाच्या सोळा तुटलेल्या. प्रत्येक बोल्ट अर्धा फेरा पुढे, आवळलेला. पॅकिंग पिळवटून बाहेर आलंय, दोन ठिकाणी चिरलंय.

हे अप्पांनी मंगळवारी पाहिलं. अर्धा तास पाहिलं. आणि मग आत येऊन, माझ्यासमोर, तो फोन केला.

मालकांना मी सांगेन, ते सोपं आहे. आधी अप्पांना सांगायचंय. ते बाहेरच्या खोलीत बसलेत आणि मी इथे लिहीत बसलेय.